तारे मोजायचे की खेळ पाहायचा? एका रिक्रूटिंग सेवेची तीन हंगामांची वर्गणी

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा चाहता असणे म्हणजे वर्षातले पाच महिने सामने पाहणे आणि उरलेले सात महिने अजून शाळेतूनही बाहेर न पडलेल्या मुलांवरून वाद घालणे. या सात महिन्यांची सोय करणाऱ्या काही वर्गणी-सेवा आहेत. देशभरातल्या शाळकरी खेळाडूंची क्रमवारी लावायची, प्रत्येकाला तारे द्यायचे, त्याच्या खेळाविषयी चार ओळी लिहायच्या, तो कोणत्या विद्यापीठाला भेट देऊन आला आणि कोणी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली याची खबर ठेवायची, आणि अखेर तो कुठे जाईल याचे भाकीतही करायचे, असा हा एकूण व्यवहार आहे. मी अशा एका सेवेचा गेले तीन हंगाम वर्गणीदार आहे. दरमहा साधारण दहा डॉलर मोजतो. तिचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण ज्या तक्रारी मी मांडणार आहे त्या या धंद्यातल्या बहुतेकांना कमीअधिक लागू पडतात आणि एकीलाच धारेवर धरले तर बाकीच्या उगाच साळसूद ठरतील.

माझे मत आधीच सांगून टाकतो. क्रमवारीतली पहिली दहाबारा नावे सोडली तर या सेवेतला आकडा फारसा कामाचा नाही. शब्द मात्र, ते योग्य माणसाने लिहिलेले असतील तर, वर्गणीच्या दुप्पट मोलाचे आहेत. अडचण एवढीच की चाहते पैसे मोजतात ते आकड्यासाठी, आणि हे सेवा चालवणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

तारे देण्याची रीत सगळीकडे साधारण सारखीच आहे. २४७स्पोर्ट्स या अशाच एका सेवेच्या मोजपट्टीवर ९८ किंवा अधिक गुण मिळाले की खेळाडू पंचतारांकित, ९० ते ९७ ला चार तारे, ८० ते ८९ ला तीन. मराठीत पंचतारांकित म्हटले की हॉटेल डोळ्यांसमोर येते आणि ते साम्य अगदीच गैरलागू नाही, कारण दोन्हीकडे तारे पाहून आपण आत शिरतो आणि विचार करायला लागतो तो बिल आल्यावर. याखेरीज निरनिराळ्या सेवांची मते एकत्र करून काढलेला एक संमिश्र आकडा असतो. तो १ पैकी, चार दशांश स्थळांपर्यंत दिला जातो. ०.९८४१ आणि ०.९८३७ अशा सतरा वर्षांच्या दोन मुलांमधला फरक नेमका कशात आहे, डाव्या हाताच्या ड्रिबलमध्ये, म्हणजे चेंडू आपटत नेण्यात, की उजव्या पायातल्या बुटात, हे मला तीन वर्षांत उमगलेले नाही. चार लोकांच्या अंदाजांची सरासरी काढली म्हणून अंदाजाचे मोजमाप होत नाही. पण दशांश चिन्ह दिसले की वाचणाऱ्याला ते प्रयोगशाळेतून आल्यासारखे वाटते.

या धंद्याचा कुलवृत्तांत गमतीचा आहे. शॅनन टेरी या उद्योजकाने रायव्हल्स ही सेवा सावरून २००७ मध्ये याहूला विकली, २०१० मध्ये २४७स्पोर्ट्स उभी केली, ती पुढे सीबीएस या वाहिनीकडे गेली, मग २०२१ मध्ये त्यांनी ऑन३ काढली, आणि २०२५ मध्ये ऑन३ ने तीच जुनी रायव्हल्स याहूकडून परत घेतली. ज्यांना आपण परस्परांवर कुरघोडी करणारे स्वतंत्र पारखी समजतो त्यांच्या घराण्यांचा मूळपुरुष बराचसा एकच आहे. संमिश्र आकडा वाचताना मला हे नेहमी आठवते.

आता सेवा प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, किंवा पडत नाही, ते एका उदाहरणावरून सांगतो. माझ्या विद्यापीठाच्या संघाने नोव्हेंबरातल्या सह्यांच्या काळात एका मुलाला करारबद्ध केले. विंग म्हणून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या बाजूने, खेळणारा, लांब हातांचा, चार तारे, क्रमवारीत साठीच्या आसपास. त्याचेही नाव मी येथे लिहीत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला ओळखपत्रासारखा एक आकडा आधीच चिकटलेला आहे, त्यात माझी भर नको. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी आम्हा चार जुन्या वर्गमित्रांचे रविवारचे बोलणे बुधवारीच झाले. आमच्यातल्या एकाने तीन मिनिटांची चित्रफीत पाहून हा मुलगा दहा वर्षांपूर्वीच्या आमच्या लाडक्या खेळाडूचाच अवतार असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याने तो दोन वर्षांत एनबीएला निघून जाणार म्हणून आत्ताच हळहळायला सुरुवात केली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच. तिसऱ्याने, जो स्वतः एकेकाळी विद्यापीठाच्या मैदानावर हौशी लीगमध्ये खेळायचा, फक्त एवढेच विचारले की याचा एक पूर्ण सामना कोणी पाहिला आहे का. कोणीच पाहिला नव्हता.

हा प्रश्न मला सेवेच्या त्या कोपऱ्यात घेऊन गेला जिकडे मी दोन वर्षे फिरकलो नव्हतो. बहुतेक खेळाडूंच्या पानावर सगळ्यात वर निवडक क्षणांची चित्रफीत असते आणि खाली, बरेच खाली, एखाददुसरा संपूर्ण सामना असतो. या मुलाची निवडक चित्रफीत साडेतीन मिनिटांची होती आणि तीत त्याचा एकही नेम चुकत नव्हता. डंक, म्हणजे उंच उसळून थेट बास्केटमध्ये कोंबलेले चेंडू, लांबून टाकलेले तीन गुणांचे चेंडू, मागून धावत येऊन अडवलेला एक फटका, आणि पार्श्वभूमीला ढोल. दुरून डोंगर साजरे. संपूर्ण सामना होता तो राज्य स्पर्धेच्या बाद फेरीतला, प्रेक्षकांत बसवलेल्या एकाच कॅमेऱ्यातून घेतलेला, मध्येच कोणाचे तरी डोके आड येणारा. मी तो एका शनिवारी वही घेऊन पाहिला.

पहिल्या दोन क्वार्टरांत मुलगा सामान्य वाटला. उजवीकडे जाताना त्याला अडवणे अवघड होते, पण डावीकडे वळला की बास्केटपासून दोन पावले अलीकडेच तो चेंडू हातात उचलून घेई आणि मग अडकून पडे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मात्र एक गोष्ट घडली. तो ज्याच्यावर पहारा देत होता तो मुलगा त्याच्या पाठीमागून सटकून बास्केटकडे धावला आणि सोपे दोन गुण करून आला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी मदतीला यायला हवा होता तो सहकारी हात पसरून तक्रार करू लागला, तेव्हा आमच्या मुलाने आपल्याच छातीवर तळहात ठेवला, चूक माझी अशा अर्थाने, आणि परत धावला. त्यानंतर तो अर्धे पाऊल मागे उभा राहू लागला. नजर चेंडूवर आणि एक हात प्रतिस्पर्ध्याच्या कमरेपाशी. क्वार्टर संपता संपता तोच डाव तिसऱ्यांदा टाकला गेला आणि या वेळी पास थेट याच्या हातात आला. तेवढ्यासाठी मी चित्रफीत चार वेळा मागे नेली. निवडक क्षणांत हे नव्हते, कारण त्यात डंक नाही. सेवेच्या मोजपट्टीवरही त्याला जागा नाही. पण जो मुलगा एकाच सामन्यात आपली चूक ओळखून उभे राहण्याची जागा बदलतो, त्याला प्रशिक्षक मैदानावर ठेवतात, आणि मैदानावर राहिला तरच त्याचे बाकीचे गुण कोणाला दिसतात.

वहीत मी आणखी एक नोंद केली: फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारे मोकळे फेक, ६ पैकी ५. ती नोंद एका सामन्यापुरती क्षुल्लक आहे, पण संपूर्ण हंगामाचा फ्री थ्रोचा आकडा हा मला येणाऱ्या खेळाडूविषयीचा सर्वांत प्रामाणिक आकडा वाटतो. कारण साधे आहे. शाळेच्या सामन्यात तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर असते. कॉलेजच्या पुरुषांसाठी ती २०१९-२० च्या हंगामापासून २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. म्हणजे शाळेत तीन गुण मिळवून देणारे काही फेक कॉलेजात दोनच गुणांचे ठरतात आणि उरलेल्यांसाठी पायांत अधिक ताकद लागते. सामना ३२ मिनिटांचा होता तो ४० चा होतो. शाळेत अनेक राज्यांत शॉट क्लॉकच नसते, येथे ३० सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. सगळे बदलते, फ्री थ्रोची रेषा मात्र १५ फुटांवर होती तिथेच राहते आणि समोर कोणी हात उंचावून उभा नसतो. ज्याचा हात त्या रेषेवर स्थिर आहे त्याचा लांबचा फेक पुढे सुधारण्याची आशा धरता येते. असे असूनही मी ज्या सेवेला पैसे देतो तिच्या खेळाडू-पानावर हा आकडा पहिल्या पडद्यावर नसतो. तो शोधायला तीन पाने खाली जावे लागते आणि कधीकधी तो सापडतही नाही. पहिल्या पडद्यावर काय असते? समाजमाध्यमांवर त्याचे किती अनुयायी आहेत तो आकडा.

उंचीची गोष्ट तर वेगळ्या तक्रारवहीत जावी अशी आहे. आमचा मुलगा सेवेच्या पानावर सहा फूट आठ इंच होता. विद्यापीठात दाखल झाल्यावर तो अधिकृत यादीत सहा फूट सहा झाला. दोन इंच वाटेत कुठे गळून पडले हे कोणी सांगितले नाही आणि सेवेने आपले पानही सुधारले नाही. बास्केटबॉलमध्ये बुटांसकट मोजणे, केसांसकट मोजणे आणि आईने सांगितलेली उंची लिहून घेणे हे सर्व प्रकार जुने आहेत. एनबीएनेदेखील २०१९ मध्ये बूट काढून मोजण्याची सक्ती केली तेव्हा अनेक प्रौढ, कोट्यधीश माणसे एका रात्रीत खुजी झाली होती. तरीही पैसे घेऊन माहिती विकणाऱ्याने उंची कोणी, कधी आणि बुटांसकट मोजली की बुटांशिवाय, हे लिहिले पाहिजे. हातांचा विस्तार, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधले अंतर, ही उंचीइतकीच, बचावात तर उंचीहून महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती निम्म्याहून अधिक पानांवर मला आढळली नाही.

क्रमवारी तयार कशी होते हे कळले की तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही कळते. पारखी मुलांना मुख्यतः उन्हाळ्यात पाहतात, बूट-कंपन्या शाळकरी खेळाडूंसाठी भरवतात त्या स्पर्धामालिकांमध्ये. नाइकीची ईवायबीएल ही त्यांतली सर्वांत नावाजलेली मालिका २०१० मध्ये सुरू झाली आणि तिचा जुलैतला शेवट, पीच जॅम, दक्षिण कॅरोलिनातल्या नॉर्थ ऑगस्टा या गावात होतो. शेजारशेजारच्या मैदानांवर एकाच वेळी सामने, भिंतीला टेकून उभे असलेले नामांकित प्रशिक्षक, आणि या मैदानावरून त्या मैदानावर धावणारा पारखी. तीनचार दिवसांत त्याला शेकडो मुले जोखायची असतात. अशा ठिकाणी डोळ्यांत भरते ते उसळणे, वेग आणि शरीर. जे तिथे खेळत नाहीत, किंवा दुय्यम मालिकेत खेळतात, ते यादीत खाली राहतात, कारण त्यांना कोणी पाहिलेलेच नसते. जा मोरँटची हकिगत यावर पुरेशी बोलकी आहे. दक्षिण कॅरोलिनातल्याच एका शिबिरात मरी स्टेट विद्यापीठाचे सहायक प्रशिक्षक जेम्स केन दुसऱ्याच खेळाडूला पाहायला गेले होते. मध्ये काही खायला घ्यावे म्हणून निघाले असता बाजूच्या छोट्या व्यायामशाळेत चेंडू आपटल्याचा आवाज आला आणि आत तिघातिघांच्या खेळात हा मुलगा दिसला. तोच मुलगा २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. केन यांना त्या क्षणी भूक लागली नसती तर कोणत्याही चार दशांश स्थळांच्या आकड्याने तो उजेडात आला नसता.

मराठीत मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे म्हणतात, आणि या सेवांचा सारा डोलारा त्याच समजुतीवर उभा आहे. काही पाय खरोखरच दिसतात. कूपर फ्लॅग हा २०२४ च्या तुकडीत, म्हणजे त्या वर्षी शाळेतून कॉलेजात जाणाऱ्या खेळाडूंत, सर्वांत वरचा मानला गेला, ड्यूक विद्यापीठात एका हंगामात सामन्यामागे १९.२ गुण करून गेला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. मुलींच्या २०२० च्या यादीत ईएसपीएनने पहिल्या चारांत पेज ब्यूकर्स, एंजल रीस, कॅमरन ब्रिंक आणि केटलिन क्लार्क यांना ठेवले होते. त्याहून अचूक वर्तवणे कोणाला जमेल असे वाटत नाही. शिखरावरच्या मुलांविषयी पारख्यांचे एकमत असते आणि ते सहसा खरे ठरते. तिथेही अपवाद घडतात: स्काल लाबिसिये २०१५ च्या तुकडीत अगदी वर होता आणि केंटकीत त्याची सरासरी ६.६ गुणांची राहिली. पण खरा गोंधळ तिसाव्या क्रमांकाच्या खाली सुरू होतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या संघांना तिथलीच मुले मिळतात.

खालून वर आलेल्यांची नावे चाहत्यांना पाठ असतात. स्टीफन करीला ज्या व्हर्जिनिया टेककडून त्याचे वडील खेळले होते त्या विद्यापीठानेही शिष्यवृत्ती दिली नाही. तो डेव्हिडसनला गेला आणि २००७-०८ मध्ये तीन गुणांचे १६२ फेक यशस्वी करून त्याने एका हंगामाचा विक्रम केला. डेमियन लिलार्ड वेबर स्टेटमध्ये घडला. मला या नावांपेक्षा त्यांच्यामागची कारणे अधिक उपयोगी वाटतात, कारण तीच पुढच्या मुलाला लावून पाहता येतात. झॅक ईडीचे उदाहरण घ्या. टोरँटोचा हा मुलगा हॉकी आणि बेसबॉल खेळत वाढला, बास्केटबॉल त्याने माध्यमिक शाळेत असताना उशिरा धरला, आणि पर्ड्यूला आला तेव्हा देशाच्या यादीत चारशेच्याही खाली होता. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. ज्याने खेळ दोनतीन वर्षांपूर्वीच सुरू केला आहे त्याची तुलना सहाव्या वर्षापासून शिकवणी असलेल्या मुलाशी एकाच पट्टीवर केली तर उत्तर चुकणारच. अँथनी डेव्हिस माध्यमिक शाळेच्या सुरुवातीला सहा फुटांच्या आसपासचा गार्ड, म्हणजे चेंडू हाताळत बाहेरून खेळणारा खेळाडू, होता. मग भराभर वाढला, आणि गार्डचे हात सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, शरीरात आले. वयाचेही तसेच. एकाच तुकडीतल्या दोन मुलांमध्ये दीड-दोन वर्षांचे अंतर असू शकते. फ्लॅगने एक वर्ष आधी शाळा संपवली आणि ड्यूकचा हंगाम सुरू झाला तेव्हा तो सतराचा होता. खेळाडूचे जन्मवर्ष, त्याने खेळ कधी सुरू केला आणि गेल्या दोन वर्षांत तो किती वाढला, या तीन गोष्टी पानावर ठळक छापल्या तर मी आनंदाने वर्गणी वाढवून देईन. त्या तिथे नाहीत.

संघांच्या तुकड्यांची जी क्रमवारी लावली जाते तिच्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण ती मुख्यतः जिंकल्याचे समाधान हंगामाआधीच देऊन टाकण्यासाठी असते. २०१३-१४ मध्ये केंटकीने मॅकडॉनल्ड्स ऑल-अमेरिकन या देशातल्या निवडक शाळकरी खेळाडूंच्या सामन्यातले सहा खेळाडू आणले, हंगामाआधी ते पहिल्या क्रमांकावर होते, प्रत्यक्षात हंगामाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या विभागात आठवे मानांकन मिळाले. तरी अंतिम फेरी गाठली आणि तिथे ६०-५४ असे हरले ते शेवटच्या वर्षात शिकणारा शबाझ नेपियर ज्या संघाचा आधार होता त्या युकॉनकडून, म्हणजे कनेटिकट विद्यापीठाकडून. रटगर्सकडे २०२४-२५ मध्ये देशातल्या पहिल्या तिनांपैकी दोघे होते, डिलन हार्पर आणि एस बेली, दोघेही ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांत गेले, आणि संघाचा हंगाम १५ विजय व १७ पराभवांवर संपला. त्याच वर्षी विजेतेपद फ्लोरिडाने मिळवले. त्यांचे तिन्ही मुख्य गार्ड, वॉल्टर क्लेटन, अलाइजा मार्टिन आणि विल रिचर्ड, अनुक्रमे आयोना, फ्लोरिडा अटलांटिक आणि बेलमाँट या विद्यापीठांतून आलेले होते.

यातूनच या सेवेपुढची आजची सर्वांत मोठी अडचण दिसते. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, २०१८ मध्ये सुरू झाले, २०२१ पासून एकदा संघ बदलला तर वर्षभर बसून राहण्याची अट गेली, त्याच वर्षीच्या जुलैत खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली. सर्व खेळ मिळून एका विद्यापीठासाठी याची मर्यादा त्या पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. आता अठरा वर्षांच्या मुलाची स्पर्धा आपल्या तुकडीतल्या मुलांशी नसून बावीस-तेवीस वर्षांच्या, तीन हंगाम खेळून मजबूत झालेल्या गड्यांशी आहे. साठाव्या क्रमांकाचा नवखा पूर्वी पहिल्या वर्षी वीस मिनिटे खेळला असता. आज त्याला बाकावरून उठवायला एखादी दुखापत लागते. सेवेने पोर्टलमधल्या खेळाडूंनाही तारे द्यायला सुरुवात केली आहे, पण शाळकरी मुलाचे चार तारे आणि तीन वर्षे कॉलेज खेळलेल्याचे चार तारे यांचा परस्परांशी संबंध काय, हे कुठेच सांगितलेले नाही. चाहत्याला जाणून घ्यायचे असते ते नेमके हेच.

आता ज्यासाठी मी अजून पैसे देतो त्या गोष्टीकडे येतो. आमच्या मुलाविषयी सेवेवर दोन अहवाल होते, दोन वेगवेगळ्या पारख्यांनी लिहिलेले. पहिल्यात तो लांबलचक होता, उसळता होता, त्याच्यात मोटर (न थकता धावण्याची ताकद) होती, त्याचे सीलिंग (पुढे गाठता येईल ती कमाल उंची) उंच होते आणि तो अजून थोडा कच्चा होता. ही शब्दावली या क्षेत्रात सर्रास चालते आणि ती कोणत्याही साडेसहा फुटी मुलाच्या नावाखाली छापली तरी खोटी ठरत नाही. राशिभविष्यातल्या आर्थिक लाभाच्या योगासारखीच ती सुरक्षित असते. दुसऱ्या अहवालात एकही विशेषण नव्हते. त्यात लिहिले होते की डावीकडे जाताना तो शेवटच्या दोन पावलांआधीच चेंडू उचलतो. उभ्या जागेवरून त्याचा फेक बरा आहे, पण ड्रिबल करत येऊन टाकताना कोपर बाहेर जाते. बचावात तो चुकतो, मात्र एकच चूक सहसा पुन्हा करत नाही. आणि पहिल्या वर्षी त्याचा उपयोग कोपऱ्यात उभा राहून फेक करणारा खेळाडू म्हणूनच होईल, यापेक्षा अधिक मागितले तर त्याची पंचाईत होईल. मी वही उघडून पाहिली. छातीवर ठेवलेला तळहात त्याने टिपला नव्हता, पण त्यामागचा स्वभाव टिपला होता. हा माणूस मुलाला किमान तीनदा, वेगवेगळ्या ठिकाणी, शेवटपर्यंत बसून पाहून आला होता, हे वाक्यावाक्यातून कळत होते. असा एक अहवाल मला वर्षभराच्या वर्गणीइतका वाटतो. दुर्दैवाने पानावर पहिला अहवाल वर होता आणि दुसरा, तो जुना म्हणून, आणखी एका दुव्यामागे ढकललेला होता.

बाकी तक्रारी लवकर आटोपतो. कोण कुठे जाईल हे टक्क्यांत दाखवणारा भाकीतमापक बातमी फुटण्याच्या आदल्या रात्री अचानक शंभरीकडे धावतो. तोवर तो मौन असतो, त्यामुळे त्याला भाकीत म्हणणे धाडसाचे आहे. एखाद्या मुलाने मोठ्या नावाच्या विद्यापीठाला होकार दिला की पुढच्या फेरबदलात तो पाचसात जागा वर सरकलेला दिसतो, हे मी तीन वर्षांत इतक्या वेळा पाहिले की आता योगायोग म्हणवत नाही. अर्थात एखाद्या नामांकित प्रशिक्षकाने निवडले हीसुद्धा पारख्यासाठी एक माहितीच असते, असे म्हणता येईल, पण मग तसे उघड लिहावे. सूचनांचा भडिमार असह्य आहे. सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या पसंतीच्या विद्यापीठांच्या यादीतली आठ नावे सहा केली हे मला रात्री साडेअकराला कळण्याची गरज नसते. वार्षिक वर्गणीचे नूतनीकरण विचारल्याशिवाय झाले, आणि ती रद्द करायला फोनवर पाऊण तास गेला. मुलींच्या खेळाची माहिती याच वर्गणीत येते असे जाहिरातीत म्हटले आहे. प्रत्यक्षात तिथे तारे असतात, अहवाल क्वचितच. ज्या खेळात प्रेक्षक इतक्या वेगाने वाढले आहेत तिथे ही कंजूषी समजत नाही.

आमचा मुलगा या हंगामात खेळला. पहिल्या चार सामन्यांत मिळून अवघी काही मिनिटे, मग हळूहळू दर सामन्याला दहाबारा. कोपऱ्यात उभा राहून त्याने टाकलेले फेक बरेचसे गेले. जानेवारीत एका बाहेरगावच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी त्याची उजवी बाजू पूर्ण बंद केली आणि त्याला डावीकडे रेटले. दोन वेळा त्याने चेंडू लवकर उचलला आणि दोन्ही वेळा गमावला. अवतारवाल्या मित्राने त्या रात्री त्याला फुकट गेलेला चौथा तारा म्हटले. मी काही बोललो नाही, दुसऱ्या अहवालातले ते वाक्य फक्त पाठवून दिले. फेब्रुवारीत तो पुन्हा डावीकडे गेला, या वेळी एक ड्रिबल अधिक घेतला आणि डाव्या हाताने चेंडू काचेला लावून आत घातला. सामना आम्ही तोवर बारा गुणांनी हरत होतो, त्यामुळे तो फटका कोणाच्याच निवडक चित्रफितीत येणार नाही.

वार्षिक वर्गणी मी बंद केली आहे. आता जुलै आणि नोव्हेंबर असे दोनच महिने घेतो, अहवाल वाचून उतरवून ठेवतो आणि सूचना बंद करतो. मोजपट्टीच हवी असेल तर या सेवेला पाचपैकी तीन तारे देईन, त्यांतला दीड त्या दुसऱ्या पारख्याचा. पुढच्या तुकडीत आमच्याकडे एक सेंटर येत आहे, तीन तारे, क्रमवारीत दीडशेच्या खाली, खेळ सुरू करून जेमतेम तीन वर्षे झालेला. त्याचा एक संपूर्ण सामना पानाच्या तळाशी सापडला आहे. शनिवारी चौथ्या क्वार्टरपासून पाहायला घेईन, कारण मोठ्या शरीराचा मुलगा दमल्यावर परत धावतो की चालत येतो, ते मला आधी पाहायचे आहे.